सरळ पाठीचा वर्ग

१

मास्तरांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काच, काचेमागे डोकं नसलेला, भुसा भरलेला पुतळा, मध्ये कापायचं टेबल आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले तपकिरी कागदाचे नमुने. प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाचा एक. मास्तर फक्त कोट शिवत. कुणी शर्ट-पँटचं कापड घेऊन आलंच, तर "पलीकडच्या गल्लीत बघा," म्हणत, आणि तेही अशा सुरात, की त्या बिचाऱ्याने पलीकडच्या गल्लीत तोंड लपवूनच जावं.

तोंडाशी मात्र मास्तरांना फारसं देणंघेणं नव्हतं. ते माणसं ओळखत पाठीवरून. "तोंड बोलतं, म्हणून खोटंही बोलतं," असं ते म्हणत. "पाठीला बोलताच येत नाही, ती खोटं कुठून बोलणार?" हे वाक्य बायकोने इतक्यांदा ऐकलं होतं, की मास्तरांनी सुरुवात केली की शेवट ती करून टाकायची आणि आपल्या कामाला लागायची.

सरळ पाठीचा माणूस मास्तरांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. कुणाचा एक खांदा वर, कुणाचं पोक, कुणाची कण्याची माळ मध्येच बाजूला कललेली. लोकांना वाटतं कोट अंगावर चढतो. छे. कोट माणसाची लबाडी पोटात घालतो. कुठे अस्तराखाली कापूस भरायचा, कुठे बाहीचा मुंढा थोडा सैल सोडायचा, आणि वाकडा माणूस सरळ करून रस्त्यावर सोडायचा, यालाच शिंपीकाम म्हणतात.

बायकोचा डावा खांदा बोटभर खाली होता. ती टपाल कचेरीत पार्सलांच्या खिडकीवर होती. डाव्या हाताने पार्सल उचलायचं, काट्यावर ठेवायचं, उजव्या हाताने शिक्का मारायचा. सगळी नोकरी यातच गेली. खांदा उतरला, आणि त्याचा तोल सांभाळायला मान जराशी उजवीकडे झुकली, सतत कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. गर्दीत, पावसात, छत्र्यांच्या खाली मास्तर ती पाठ हुडकून काढत. तिच्या कोटात डावीकडे ते हाताने कापसाची गादी घालत. ती कोट घालून आरशात बघायची आणि म्हणायची, "झाले बाई मी सरळ." मास्तरांना त्या वेळी ती फार आवडायची.

नोकरी संपली, लेक लग्न होऊन दूरच्या गावी गेली, आणि बायकोची झोप उडाली. हात-पाय गार पडायचे. मग तिने मोबाइलवर बघून कुंडलिनीचा अभ्यास सुरू केला. मागच्या खोलीत सतरंजी टाकून बसायची, भात्यासारखा श्वास चालवायची. मास्तर थट्टा करायचे, "नाग जागा झाला तर आधी मला सांग, मी दुकानात झोपायला जातो."

एका सकाळी मास्तर दाढी करत होते. मागच्या खोलीतून हाक आली, "अहो." मोठ्याने नाही. पण मास्तर तोंडावरच्या फेसासकट धावले. ती बसलेली होती, पाठ फळीसारखी ताठ, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काहीतरी वर चढलंय," ती म्हणाली, "आणि मधेच अडकलंय."

तिने हात मागे नेला, पण दोन खवाट्यांच्या मधल्या त्या जागी माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही. मास्तरांनी आपला तळवा टेकवला. तिथे इस्त्री नुकतीच उचलून ठेवल्यासारखी ऊब होती.

२

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. काही निघालं नाही. बायकोला मात्र आता बसलं तरी ते जाणवायचं, निजलं तरी जाणवायचं. रात्रभर ती उशीला टेकून जागी असायची.

शेजारचा चष्मेवाला मास्तरांचा जुना मित्र. सगळ्या विषयांत त्याला गती होती, फक्त चष्म्याचा नंबर तेवढा तो कधीकधी चुकवायचा.

"हे पोहण्यासारखं असतं," तो म्हणाला. "पाण्यात उतरल्यावर शिकवणारा शोधायचा नसतो. आधी शोधायचा असतो."

"आता उतरलीय ना ती."

"मग लवकर शोधा. गुरूशिवाय ही वाट धरू नये असं सगळेच सांगतात. आणि शोधाल तो पारखून घ्या, नाहीतर आगीतून फुफाट्यात."

पारखायचं म्हटल्यावर मास्तरांना धीर आला. कापड पारखण्यात हयात गेली होती, गुरूही पारखू. त्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला सुरुवात केली. एक गुरू मोठ्या दालनात ध्वनिक्षेपकावर स्वतःच्याच लहानपणाबद्दल बोलत होता. दुसरा तरुण होता, त्याने मास्तरांच्या बायकोचं ऐकून घेण्याआधी तिला शिबिरात कुठली खोली हवी ते विचारलं. तिसरे एक म्हातारे गृहस्थ. ते साधी आसनं शिकवत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मला यातलं येत नाही. आणि ज्याला येतं, तो बहुधा पाटी लावत नाही." मास्तरांना ते वाक्य पटलं. खरं तर त्याच म्हाताऱ्याला धरून बसायला हवं होतं, पण 'मला येत नाही' म्हणणाऱ्याकडे आपण थांबत नाही.

त्याच आठवड्यात बँकेतली कॅशियर बाई जुना कोट सैल करून घ्यायला आली. तिची पाठ मास्तरांना तोंडपाठ होती. खुर्चीवर कलून बसायची सवय, त्यामुळे कंबरेत बाक आणि उजवा खांदा वर. मास्तरांनी कोट तिच्या अंगावर चढवला आणि टाचणी तोंडातच राहिली. कोट वाकडा दिसत होता. कारण बाई सरळ होती.

"कुठे उपचार घेतलेत?"

"उपचार नाही. एका वर्गाला जाते. कुंडलिनीच्या." ती समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. "पाटीबिटी काही नाही. तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर पाठवा. जागा आहे."

मास्तरांनी सुतावरून स्वर्ग गाठला.

३

बंद पडलेल्या दिव्यांच्या दुकानावर वरचा मजला होता. पूर्वी तिथे टायपिंगचा वर्ग भरायचा. जमिनीवर अजून टेबलांच्या पायांचे गोल डाग होते. बाहेरच्या अरुंद जागेत खुंट्यांवर कोट टांगलेले, खाली बूट. त्यातले तीन-चार कोट आपल्याच हातचे आहेत हे बघून मास्तरांना उगीचच बरं वाटलं.

दारात एक वयस्क बाई उभी होती. तिने मास्तरांना बोटाने गप्प राहायला सांगितलं आणि आत बघू दिलं.

खोलीत माणसं ओळींत बसली होती. सगळ्यांच्या अंगावर सारखे राखाडी झगे, डोक्यालाही राखाडी कापड गुंडाळलेलं. सगळ्यांच्या पुढे, एका बुटक्या चौरंगावर, गुरू बसले होते. तेही पाठमोरे. शिष्य गुरूंची पाठ बघत होते आणि गुरू रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"असं का?" मास्तरांनी कुजबुजत विचारलं.

"तोंड बघितलं की मन तोंडात अडकतं," बाई म्हणाली. "हसले का, रागावले का, माझ्याकडे बघितलं का. इथे पाठ बघायची आणि तशी आपली करायची. बाकी काही नाही."

हे तर मास्तरांच्याच मनातलं होतं. त्यांनी कौतुकाने गुरूंच्या पाठीवर नजर टाकली, आणि ती तिथून हलेना. दोन्ही खांदे एका पातळीत. मानेचा कणा बरोबर मधोमध. कापड दोन्ही बाजूंना सारखंच पडलेलं, कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. अशी पाठ जिवंत माणसाला असू शकते, यावर त्यांचा विश्वास बसेना. म्हणजे या माणसाची साधना किती असेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने निदान 'तोंड तरी दाखवा' म्हटलं असतं. मास्तरांना ते सुचलंच नाही. अशी पाठ आपल्या दुकानात काचेमागे रोज उभी असते, तिला डोकं नसतं आणि आत भुसा असतो, हेही सुचलं नाही. ते घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "गुरू मिळाला. मी पारखलाय."

४

तिला गुण आला, यात शंका नाही. पहिल्याच दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "सुटलं हो. हळूच वर गेलं." त्या रात्री ती गाढ झोपली. हात-पाय ऊबदार झाले. मास्तरांनी चष्मेवाल्याला कॉफी पाजली आणि दोघांनी गुरू या विषयावर बराच वेळ अधिकारवाणीने गप्पा मारल्या.

मग घरात थोडं थोडं बदललं. जेवताना ती खुर्ची फिरवून बसू लागली, भिंतीकडे तोंड करून. मास्तरांना वाटलं, अभ्यासाचा भाग असेल. संध्याकाळी दार उघडून आत आलं की तिची पाठ दिसायची, खिडकीपाशी, मोरीपाशी, कपाटापाशी. बोलायची ती नेहमीसारखंच. विचारलं त्याचं उत्तर द्यायची. फक्त थट्टा करायचं तिने सोडलं होतं. "तोंड बोलतं," अशी मास्तरांनी एकदा मुद्दाम सुरुवात केली आणि थांबले. पुढचं ती बोलली नाही. मास्तरांनीच ते वाक्य हळूहळू पुरं केलं, आणि आपल्याच तोंडून ते अगदी पोकळ ऐकू आलं.

खोली शांत असली की तिचा श्वास ऐकू यायचा. लांब, सारखा, मध्ये कुठे न अडखळणारा. एकदा मास्तर पेपर वाचत तो ऐकत होते आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपलाही श्वास त्याच लयीत चाललाय. त्यांनी मुद्दाम खोकून तो मोडला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"ठसका लागला."

"हं," ती म्हणाली, भिंतीकडे बघत.

५

थंडीच्या तोंडाशी कोटांचं काम वाढतं. कॅशियर बाई नवीन कोटाला आली. मग घड्याळं दुरुस्त करणारा आला, जन्मभर भिंगावर वाकून ज्याची मान पुढे आली होती, तो. तोही आता वर्गाला जात होता. त्याच्यामागून शाळेतली ग्रंथपाल आली. मास्तरांनी प्रत्येकाची मापं नव्याने घेतली, नव्या तपकिरी कागदांवर पाठीचे नमुने कापले आणि टेबलावर ठेवले.

इस्त्री तापेपर्यंत त्यांनी कागद सारखे करायला एकावर एक ठेवले. ते कागद सारखे झाले. म्हणजे कडेला कड लागली. वरचा कुठला आणि खालचा कुठला हे कळेना. घड्याळजी चांगला धिप्पाड, ग्रंथपाल म्हणजे काडी. पण खांद्यापासून खांद्यापर्यंत, मानेपासून कंबरेपर्यंत, एकच पाठ.

मास्तर शहाणे होते. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी आधी टेपवर संशय घेतला, कारण कापडी टेप जुनी झाली की सैलावते. त्यांनी ती लाकडी पट्टीला लावून बघितली. टेप ठीक होती. मग स्वतःवर संशय घेतला. एकच माप लिहून तेच तेच कापलं असेल, वय झालं आता. ते पुन्हा घड्याळजीकडे गेले, काहीतरी निमित्त काढून त्याच्या पाठीवर टेप धरली. तेच माप.

"माणसं सरळ बसायला लागली तर बिघडलं काय?" चष्मेवाला म्हणाला. "तुमचं कामच सोपं झालं. एक नमुना कापा, सगळ्यांना शिवा."

मास्तर हसले. दुकानात परत आले तेव्हा काचेमागचा पुतळा आज कोटाशिवाय, पाठमोरा होता. तो तसाच ठेवलेला असायचा, कोटाची पाठ रस्त्यावरून दिसावी म्हणून. तरीही त्यांनी तो फिरवून ठेवला आणि मग, पुढूनही तो तसाच दिसतो हे लक्षात येऊन, त्याच्यावर एक कोट घातला.

बायकोच्या कोटाला त्यांनी मुद्दामच हात लावला नव्हता.

६

पण थंडी वाढली. रविवारी सकाळी तिनेच कपाटातून कोट काढला आणि घातला. डावीकडच्या कापसाच्या गादीने तो खांदा उचलला गेला होता. कोट एका बाजूला चढलेला दिसत होता, दुसऱ्याच कुणाचा मागून आणल्यासारखा.

"गादी काढून टाका," ती म्हणाली. "आता लागत नाही."

मास्तर तिच्या मागे उभे राहिले. टेप न लावताच त्यांना कळलं होतं, तरी त्यांनी ती लावली. तेच माप.

"तुझा खांदा," ते म्हणाले.

"सरळ झाला. बरं झालं की. का, वाकडीच बरी वाटत होते?"

"हो," मास्तर म्हणाले. असं ते कधी बोलले नव्हते. "मला तो खांदा फार आवडायचा. तो नाही तर मला घरात परकं वाटतं. तू सोड तो वर्ग."

तिचा श्वास चालू होता, लांब, सारखा. मग तो मध्येच तुटला. ती वळली. किती दिवसांनी तिने मास्तरांकडे तोंड केलं होतं. तिचा चेहरा घाबरलेला होता, आणि तो तिचाच होता. मास्तरांना रडू आलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "उद्या मला न्यायला याल?"

"उद्या जाऊच नकोस."

"नाही गेले तर ते पुन्हा मधेच अडकतं. एकदा नीट उठून, निरोप घेऊन यायला हवं. पण मला तिथे बसल्यावर मी कुठली ते कळत नाही. सगळ्यांचा एकच श्वास होतो ना, मग त्यातली मी कुठली, ते शोधत बसावं लागतं. परवा मी बसले एकीकडे आणि उठले दुसरीकडून, असं झालं." तिने त्यांचं मनगट घट्ट धरलं. "तुम्ही दारात थांबू नका. आत या. मला ओळखा आणि हाक मारा. तुम्ही ओळखलंत तर मी उठेन. ओळखाल ना?"

"तुला?" मास्तर म्हणाले. "डोळे मिटून."

"नक्की?"

"अगं, नक्की म्हणजे काय. तुला नाही ओळखणार तर कुणाला?"

तिने मान हलवली. मग पुन्हा खिडकीकडे वळली, आणि थोड्या वेळाने तिचा श्वास परत लांब झाला.

७

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत मास्तर जिना चढले. दारात कुणी नव्हतं. ती वयस्क बाईही आत जाऊन बसली असावी. बाहेर कोट टांगलेले होते. आत उन्हाचा एक लांब पट्टा जमिनीवर पडला होता आणि सगळी खोली एकच श्वास घेत होती.

मास्तर उंबऱ्यात उभे राहिले. त्यांनी पहिली ओळ बघितली. दुसरी बघितली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांना घाई नव्हती, ओळखायचं म्हणजे नजर सैल सोडावी लागते. खांदे बघितले. मान बघितली. कापडाची पड बघितली. एक पाठ, तिच्याशेजारी तीच पाठ, तिच्यापुढे तीच पाठ. डोक्यांना राखाडी कापड, पाय झग्याखाली. डोळे मिटून ओळखेन म्हणाले होते. त्यांनी डोळे मिटूनही बघितलं. श्वास ऐकू आला, तोही एकच.

तोंडं बघायला हवीत, दुसरा इलाज नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणाचं तरी तोंड बघायचं होतं. भिंतीला अंग घासत ते पुढे निघाले, ओळींच्या बाजूबाजूने, खाली बघत, कुणाच्या झग्यावर पाय पडू नये म्हणून. भिंत संपत आली तेव्हा त्यांनी मान वर केली. आता शिष्यांकडे वळायचं, एवढंच होतं. पण वळताना चौरंग नजरेच्या कडेला आला, आणि शिंप्याचे डोळे सवयीने झग्यावर गेले.

बाजूने बघितलं की कळतं, पुढचं कापड वेगळं पडतं. गळा पुढे खोल असतो. छातीवर कापड उचललं जातं, पोटावर पुन्हा उचललं जातं, मांडीवर मोडतं. पुढचा भाग आणि पाठ यांचं कटिंग कधीही एक नसतं. हे दुकानातल्या पहिल्या दिवशी शिकवतात.

त्या झग्याचा गळा पुढेही तितकाच वर होता. तिथून कापड सरळ खाली उतरलं होतं. खांदे दोन्ही बाजूंना सारखे. जिथे छाती असते तिथे मधोमध कण्याची बारीक रेघ होती. आणि सगळी खोली श्वास घेत असताना ते कापड हलत नव्हतं. त्याच्या वर काय होतं, ते बघायच्या आत मास्तरांनी डोळे जमिनीकडे वळवले. टेबलाच्या पायाचा एक गोल डाग त्यांना दिसला, आणि ते त्या डागाकडेच बघत राहिले.

शिष्यांची तोंडं बघायची तर आता त्या चौरंगाकडे पाठ करावी लागणार होती. ते त्यांना जमेना. पाय हलेनात. तसंच खाली बघत त्यांनी हाक मारली.

"अगं."

आवाज घोगरा आला. श्वास थांबला. सगळ्यांचाच थांबला. मग कापडाची सळसळ झाली, कुणीतरी उठलं, आणि अनवाणी पावलं त्यांच्यापर्यंत आली.

"चला," ती म्हणाली.

मास्तरांनी वर बघितलं. तीच होती. तेच डोळे, तीच हनुवटी, ओठाखालचा तोच तीळ. त्यांनी तिचा हात धरला, तो ऊबदार होता. जवळजवळ ओढतच तिला दाराबाहेर काढलं. तिने खुंटीवरून बरोबर आपलाच कोट घेतला, बूट घातले. ते जिना उतरू लागले.

अर्ध्या जिन्यात वरून हाक आली.

"अहो."

मोठ्याने नाही. दाढीचा फेस तोंडावर होता त्या सकाळी जशी आली होती, तशी.

मास्तरांच्या हातातला हात स्वस्थ होता. "सांभाळून," ती शेजारून म्हणाली, "इथली पायरी तुटकी आहे." खरंच तुटकी होती. बायको अशीच सांभाळून न्यायची त्यांना.

मास्तर शहाणे होते. वर्गात कितीतरी बाया आहेत, त्यांनी मनाशी म्हटलं. प्रत्येकीचा कुणी ना कुणी असेल. अहो म्हणजे काय माझं एकट्याचं नाव आहे? पुन्हा हाक आली, जरा खालच्या आवाजात. मास्तरांनी ओ दिली नाही. तुटकी पायरी ओलांडून ते खाली उतरत राहिले.

८

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई कशी आहे?"

"बरी आहे," मास्तर म्हणाले. "वर्ग सोडला तिने."

"बरं झालं. दे तिला." माय-लेकी पुष्कळ बोलल्या. नातवाचे दात, घरभाड्याची कटकट, लेकीच्या लहानपणचा एक किस्सा. किस्सा बरोबर होता, हसूही बरोबर जागी आलं. मास्तर शेजारी बसून ऐकत होते. त्यांना एकही चूक सापडली नाही, आणि ते फार कसून शोधत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. ते थेट त्या जिन्यावर गेले, तुटक्या पायरीवर थोडा वेळ थांबले, मग वर जाऊन उंबऱ्यात उभे राहिले.

ओळी भरलेल्या होत्या. काल एक जागा रिकामी झाली होती, ती कुठली, हे त्यांना सापडलं नाही. कुठेच रिकामी जागा नव्हती.

एक हाक मारायची होती फक्त. मारली तर कुणीतरी उठेल, वळेल, आणि तिच्या ओठाखाली तीळ असेल, हे त्यांना कळत होतं. मग घरी बसली आहे तिचं काय करायचं, हाही प्रश्न होता, पण तो नंतरचा. मास्तरांनी तोंड उघडलं. इथे बसलेली जर खरी असेल, तर ती पहिलं काय विचारील, ते त्यांना ठाऊक होतं. काल मी हाक मारली, ती तुम्हाला ऐकू आली नव्हती का? असं ती विचारील. आणि त्यांना तिच्या तोंडाकडे बघत सांगावं लागेल, की ऐकू आली होती.

ते उभे राहिले. खोली श्वास घेत होती. कितीतरी वेळाने त्यांनी तोंड मिटलं आणि पाय न वाजवता ते जिना उतरले.

घराचं दार उघडंच होतं. ती ओट्यापाशी उभी होती, पाठमोरी.

"कुठे गेला होतात?"

"चष्मेवाल्याकडे."

"चहा घेता ना?" तिने विचारलं.

मास्तर खुर्ची ओढून बसले आणि हो म्हणाले.